शंखी गोगलगाय: शंख वाचा, मग औषधाची पिशवी फोडा

मांजराकाठ
पावसाळा लागला की इथे "गोगलगायींचं काय करू?" हा प्रश्न दहा वेळा येतो आणि उत्तरही तेच: "मीठ टाका". म्हणून हा एकच धागा. आफ्रिकन शंखी गोगलगाय, शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका (जुन्या पुस्तकांत अकॅटिना फुलिका). मूळची पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीची. मॉरिशसला आधीच पोचली होती, तिथून १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखअभ्यासकाने कलकत्त्याला आणली आणि ती तिथल्या बागेत सुटली. तिथून रोपं, चारा, माती, विटा यांच्यासोबत देशभर. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनचे कोवळे कोंब रातोरात साफ झाले, तेव्हा तिचं नाव घरोघरी गेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: शंख नीट बघितला तर ती कोण, किती वयाची, अंडी घालायच्या बेतात आहे का, हे सगळं कळतं. बंदोबस्ताची वेळ त्यावर ठरवायची. औषधाची पिशवी नंतर.

आधी ओळख. शंख उंच, शंकूसारखा. सात ते नऊ वेटोळी. साधारण ५ ते १० सेंमी, मोठ्यात मोठा २० सेंमीपर्यंत. तपकिरी रंगावर उभे, वेडेवाकडे पिवळसर पट्टे, शेंड्याकडे फिकट. तोंडाची आतली बाजू निळसर पांढरी. हमखास खूण म्हणजे तोंडाच्या आतला मधला खांब: तो खालच्या टोकाशी सुरीने कापल्यासारखा तुटक संपतो, ओठाला, म्हणजे तोंडाच्या कडेला, सलग जाऊन मिळत नाही. शंख आकाराने कितीही असो, ही खूण बघा. तोंडाला झाकण नसतं.

शंखशिंपले
उत्तम सुरुवात. वयाचं मी घेतो.

शंख वाढतो तो फक्त तोंडाच्या कडेने. प्रावार म्हणजे अंगाची जी घडी शंखाच्या कडेला चिकटलेली असते, ती तिथे चुन्याचा नवा थर रचते. म्हणून शेंडा हा तिच्या जन्मातला शंख आणि ओठ हा आत्ताचा. शंखाचा बहुतेक भाग कॅल्शियम कार्बोनेट, वरून एक पातळ प्रथिनाचा पापुद्रा. रंग त्या पापुद्र्याशी आणि वरच्या थराशी बांधलेला असतो.

ओठावर नख हलकेच फिरवा. ओठ कागदासारखा पातळ, दाबला तर वाकतो किंवा तुटतो, तर ती अजून वाढतेय. मिमीच्या मापात सांगायचं तर अर्ध्या मिमीच्या आत. ओठ जाडसर, बोटाला गोल लागतो, तर वाढ थांबली आणि सगळा जोर अंड्यांकडे वळला. या गोगलगायी उभयलिंगी. पण आधी नरपण पक्व होतं, मादीपण नंतर. त्यामुळे पातळ ओठाचा मोठा शंख दिसला तरी ती अंडी घालेलच असं नाही. जाड ओठाची, मध्यम आकाराची जास्त धोक्याची. लोक मोठ्या शंखाकडे बघून हादरतात आणि मधल्या सोडून देतात. उलटं करा.

कुंडीतली_बाग
ठाण्यात सोसायटीच्या बागेत असंख्य आहेत, पण त्यातल्या काही चपट्या, चकचकीत, पोळीच्या पिठाच्या गोळ्यासारख्या. त्याही ह्याच का?

शंखशिंपले
नाही ताई, आणि म्हणूनच हा प्रश्न आधी हवा. पावसाळ्यात सह्याद्रीत आणि कोकणात देशी गोगलगायी पुष्कळ. चपटी, चकाकणारी, शिंगाच्या रंगाची, पातळ शंखाची ती बहुधा मॅक्रोक्लॅमिस. पांढरट, बसक्या शंखावर गडद तपकिरी पट्टा ती क्रिप्टोझोना, हीसुद्धा पाल्यावर येते पण वळण आणि आकार वेगळा. सायक्लोफोरस नावाच्या गटाला तोंडावर गोल झाकण असतं, अंग आत घेतलं की ते कुलुपासारखं बसतं. आफ्रिकन पाहुणीला ते नाही.

आणि एक मजेची. शेंडा वर, तोंड आपल्याकडे धरून शंख बघा. तोंड उजवीकडे असेल तर उजवा. शंखी गोगलगाय उजवी. सह्याद्रीतली अॅरिओफँटा लेव्हिपेस ही डावी, तिचं तोंड डावीकडे उघडतं. डावा शंख सापडला तर बादलीत टाकू नका. ती इथलीच आहे.

सह्यकडा
इथे एक गडबड टाळा. देवघरातला दक्षिणावर्ती शंख म्हणजे शास्त्राच्या भाषेत डावा. पूजेचा शंख आपण निमुळती नळी वर करून बघतो, म्हणजे उलटा. समुद्रातला तो शंख एरवी उजवाच असतो, म्हणून डावा सापडला की त्याला भाव. गोगलगायीचा शंख घेऊन कुणी "दक्षिणावर्ती" म्हणून विकायला आला तर तो तुम्हाला उल्लू बनवतोय. जमिनीवरचा शंख वजनाला हलका आणि भिंत पातळ, हातात घेतला की कळतं.

मांजराकाठ
आता मुख्य. अंडी. एका वेळी शंभरापासून चारशेपर्यंत, वर्षात अनेक वेळा. आकार ४-५ मिमी, भिजवलेल्या साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी, वर चुन्याचं टणक कवच. बांधाच्या कडेला, पालापाचोळ्याखाली, मऊ मातीत पुंजक्याने असतात, बोटभर खोलीवर. युरियाचे दाणे समजून लोक दुर्लक्ष करतात. बोटांत दाबा: खत कुटलं जातं किंवा विरघळतं, अंडं फुटून चिकट पाणी येतं.

८ ते २१ दिवसांत पिल्लं. बाहेर आली की पहिलं जेवण म्हणजे स्वतःच्या अंड्याचं कवच, कारण शंख बांधायला चुना लागतो. पाच-सहा महिन्यांत तीच पिल्लं वयात येतात. एकदा मिलन झालं की वीर्य महिनोन्महिने साठवून ठेवते, त्यामुळे वेगळी केलेली एकटी गोगलगायही अंडी घालते.

म्हणून वेळ काय? पहिल्या मोठ्या पावसानंतर ज्या बाहेर येतात, त्या मागच्या हंगामातल्या, जमिनीत दडून बसलेल्या, ओठ जाड झालेल्या. पेरणीआधी आणि पेरणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे रोज गोळा करा. त्या दिवसांत उचललेली एक म्हणजे पुढच्या महिन्यातली शे-दोनशे. ऑगस्टमध्ये पोतंभर उचललं तरी मागे अंडी बसलेली असतात.

काळवट
राव, एकट्याच्या शेताने काय होतंय? शेजारच्यानं उचललंच नाही तर रात्रीत बांध ओलांडून येतात. आमच्याकडं पाणी देणाऱ्या पाटाच्या कडंनं येतात. गावाने एकाच आठवड्यात केलं तरच. ग्रामसभेत धरून बसा.

मांजराकाठ
अगदी बरोबर दादा. शिवाय पडीक जमीन, उकिरडा, विटांचा ढीग, गुरांच्या गोठ्याची मागची भिंत, कडुनिंबाच्या बुंध्याची सावली, हे तिचे दिवसाचे मुक्काम. आधी ते झाडून घ्या, शेत नंतर.

उचलायची पद्धत: संध्याकाळी, अंधार पडायच्या जरा आधी, बांधाकडेने पोती पसरायची. पोतं गुळाच्या पाण्यात बुडवून घ्या, १ किलो गूळ १० लिटर पाण्यात. पपईचा पाला पोत्याखाली ठेवला तर अजून बरं. सकाळी उन्हं यायच्या आत पोतं उलटून वेचायच्या. ऊन चढलं की त्या जमिनीत आणि कडांत जातात, मग फक्त चिकट रेघा दिसतात. रेघ चकाकत असेल तर ती रात्रीची, फिकट कोरडी असेल तर जुनी.

बांधावर दहा-बारा मीटरच्या अंतरावर पोती ठेवा. मधोमध ठेवून काही उपयोग नाही, शेतात येतात त्या बाहेरून.

चुनावाला
चुन्याची रेघ विसरलात. शेताभोवती चार बोटं रुंद कळीच्या चुन्याची पट्टी मारा, ओलांडत नाही.

शंखशिंपले
कोरडी असेपर्यंत. कळीचा चुना अंगातला ओलावा शोषतो आणि दाह करतो, म्हणून ती टाळते. पण पाऊस पडला की तो विझतो आणि हवेतल्या कर्बवायूने हळूहळू खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट होतो. आणि खडू हे तिचं आवडतं खाणं! भिंतीचा चुना, हाडं, सिमेंटचा गिलावा खरवडून खाते, शंखासाठी. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीची भिजलेली पट्टी म्हणजे तिच्यासाठी ताट वाढून ठेवलंय. चुना मारायचा तर पाऊस उघडल्यावर, कोरड्या जमिनीवर, भिजला की पुन्हा. मीठ शेतात कधीच नको, जमीन खारवते.

फळझाडांना पेस्ट लावा: मोरचूद आणि कळीचा चुना २:३ प्रमाणात, बुंध्याला हातभर उंचीचा पट्टा. बुंध्याला टेकलेल्या फांद्या आणि तण काढा, नाहीतर ती शेजारच्या गवताच्या पुलावरून चढते आणि पट्टा तसाच राहतो.

आगळ
केरळात तंबाखूचं पाणी वापरतात. २५ ग्रॅम तंबाखू दीड लिटर पाण्यात उकळून एक लिटर होईपर्यंत आटवायचं, गाळून थंड करायचं. ६० ग्रॅम मोरचूद एक लिटर पाण्यात वेगळा विरघळवायचा. दोन्ही एकत्र करून गोगलगायीवर फवारायचं. पिकावर मारू नका, पानं करपतात. जमा झालेल्या ढिगावर, भिंतीकडेला ठीक. मोरचूद लोखंडी किंवा जस्ताच्या भांड्यात कालवू नका, प्लास्टिकचा टब घ्या. फवारा मारताना हातमोजे, तोंडाला रुमाल. निकोटीन कातडीतून जातं.

कुंडीतली_बाग
दाणेदार औषधाबद्दल कुणी लिहा की. दुकानदार मेटाल्डिहाइड देतो पण सोसायटीत कुत्री-मांजरं आहेत.

मांजराकाठ
मेटाल्डिहाइड २.५ टक्के दाणेदार, एकरी २ किलो. म्हणजे दर चौरस मीटरला जेमतेम अर्धा ग्रॅम. लोक ढीग करून ठेवतात, तिथेच चुकतं. फेकून पसरवायचं, बांधाकडेला थोडं जास्त. संध्याकाळी टाका. जमीन ओलसर हवी, कारण कोरड्यात ती बाहेरच येत नाही. पण दाणे टाकल्यावर जोराचा पाऊस नको.

फसतं का ते सांगतो. हे औषध तिच्या चिकट द्रवाच्या पेशी खराब करतं. ती फेस ओकत बेसुमार चिकट सोडते आणि पाण्याअभावी मरते. रात्रभर रिपरिप चालू असेल तर ओलाव्यातून ती पाणी परत भरून घेते आणि उठून चालायला लागते. त्यामुळे "औषध बोगस निघालं" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पावसात टाकलेलं असतं. सकाळी अर्धमेल्या दिसतील तेव्हाच उचला.

फेरिक फॉस्फेटचे दाणेही येतात, एकरी साधारण २ किलोच. ते पोटात गेल्यावर ती खाणं सोडते आणि तीन-सहा दिवसांत कुठल्यातरी खाचेत जाऊन मरते. जमिनीवर मेलेल्या दिसत नाहीत, म्हणून परिणाम नाही असं वाटतं. पानं खाणं थांबलंय का ते बघा.

आणि महत्त्वाचं: कोंडा-गूळ-यीस्टमध्ये मिथोमिल हे कीटकनाशक कालवायचा जुना सल्ला अजून व्हॉट्सॲपवर फिरतो. २०२३ च्या केंद्राच्या आदेशाने मिथोमिलवर बंदी आहे. तो वापरू नका. कोंड्याचं आमिष मात्र विषाशिवायही चालतं: ५० किलो कोंडा, १० लिटर पाण्यात २ किलो गूळ, २५ ग्रॅम यीस्ट, १०-१२ तास आंबवून. ओल्या पोत्याखाली मूठमूठ ठेवा. आंबट वासावर जमतात, सकाळी वेचा.

जनावरांचा_डॉक्टर
ताई, सोसायटीत मेटाल्डिहाइड नकोच. कुत्र्याला त्या दाण्यांचा गोडसर वास आवडतो. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत अंग थरथरणं, लाळ, धाप, झटके, अंग तापणं. घरी उलटी करायच्या फंदात पडू नका, झटक्यात ते गळ्यात अडकतं. लगेच दवाखाना आणि सोबत दाण्यांचं पाकीट. गुरांच्या चाऱ्याजवळही नको.

विष खाऊन मेलेल्या गोगलगायी कोंबड्यांना, बदकांना घालू नका. बिनविषाच्या असतील तरी कच्च्या नकोत. दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळा, मग शंख फोडून मांस. शंख उकळून, वाळवून, बारीक कुटून अंड्यावरच्या कोंबड्यांना चुन्यासाठी चालतो. बाजारातल्या शिंपल्याच्या चुऱ्यासारखाच. टोकदार तुकडे चाळून काढा.

बिनीचा
नुसता शंखाला हात लावला तर मेंदूज्वर होतो असं वाचलं. खरं का?

जनावरांचा_डॉक्टर
अर्धं खरं. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक सूत्रकृमी आहे, अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस. त्याच्या अळ्या उंदराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गोगलगाय ती खाते आणि अळी तिच्या अंगात वाढते. माणसाला होतं ते गोगलगाय कच्ची किंवा अर्धी शिजलेली खाल्ल्याने किंवा न धुतलेल्या पालेभाजीतून बारीक पिल्लू पोटात गेल्याने. मेंदूच्या आवरणाला सूज येते. हात लावून तोच हात तोंडात घालणं हा धोका. म्हणून हातमोजे किंवा पॉलिथिनची पिशवी, नंतर साबण. पालक-मेथी-कोथिंबीर वाहत्या पाण्यात, एकेक पान उलगडून. मुलांना खेळायला जिवंत देऊ नका.

सह्यकडा
सगळी रसायनं बाजूला ठेवा. परदेशात शिकारी गोगलगाय सोडून ही आटोक्यात आणल्याचं ऐकलंय, गुलाबी शंखाची. इथेही आणा.

शंखशिंपले
दादा, कृपा करून हे बोलूही नका. ती युग्लँडिना रोझिया. १९५५ मध्ये हवाईत सोडली. आफ्रिकन गोगलगाय काही गेली नाही, पण तिथल्या देशी छोट्या गोगलगायींचा तिने फडशा पाडला. ताहितीजवळच्या मोरिया बेटावर १९७७ मध्ये सोडली, तिथल्या पार्टुला गोगलगायींच्या जातींची रानातली वंशावळच संपली. काही जाती फक्त प्राणिसंग्रहालयात राहिल्या. आपल्या सह्याद्रीत डावे शंख आणि झाकणवाल्या जाती आहेत, त्यांचंच होईल.

मदत करणारे इथलेच आहेत. भारद्वाज शंख फोडून खातो. काजव्यांच्या काही जातींच्या अळ्या गोगलगायींवर जगतात. बदकं पिल्लं वेचतात. रसायन कमी मारलं तर यांना वाव.

काळवट
एखाद-दुसरी राहिली तर काय फरक पडतो, असं म्हणणारे असतात आमच्यात.

शंखशिंपले
अमेरिकेतल्या मायामीत १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी आणल्या, आजीने बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत १८ हजारांच्या वर सापडल्या. निर्मूलन १९७५ पर्यंत चाललं, खर्च सुमारे दहा लाख डॉलर. २०११ मध्ये तीच गोष्ट पुन्हा, २०२१ पर्यंत. त्या गावाकडे पैसा होता, दहा-दहा वर्षं पथकं होती. आपल्या पंचायतीकडे काय आहे?

कवडीसंग्रह
विषय सोडून विचारतो. शंख साफ करून ठेवायचा असेल तर? व्हिनेगरमध्ये घातला तर चमकतो म्हणे.

शंखशिंपले
व्हिनेगर नको, आम्लात चुना विरघळतो. चमक म्हणजे वरचा थर गेला. ब्लीचही नको, तपकिरी पापुद्रा उतरतो आणि पट्टे फिके पडतात. पाणी उकळून त्यात दहा मिनिटं, मग वाकवलेल्या सेफ्टी पिनने मांसाला गाठून वेटोळ्याच्या दिशेने हळू फिरवत ओढायचं. शेंड्यातला यकृताचा काळा भाग तुटून राहिला तर महिनाभर वास येतो. तो राहिला तर शंख पाण्यात चार दिवस ठेवून झटकून धुवा. मग सावलीत, तोंड खाली करून वाळवा.

आणि लाकडी कपाटात ठेवू नका, विशेषतः सागवान-ओकच्या बंद खणात. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शंखावर पांढरी बुरशीसारखी पूड येते, ती बुरशी नसते, शंखच झिजतोय. पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलची पुडी.

मांजराकाठ
कोकणात रिकामा शंख एक-दोन पावसाळ्यांत खडबडीत होऊन चुरा होतो, तिथली तांबडी माती आम्ल. आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत तोच शंख वर्षानुवर्षं पांढराफटक पडून राहतो. म्हणून बांधावर पांढरे शंख ढिगाने दिसले म्हणजे आत्ता प्रादुर्भाव आहे असं नाही. तपकिरी पट्टे शाबूत असतील, आत ओलं वाटत असेल, तर ताजा. शंखाची भिंत कुरतडलेली असेल तर घुशी-उंदरांचं काम. अखंड आणि शेंड्यापर्यंत रिकामा असेल तर बहुतेक औषधाने किंवा उन्हाने मेलेली.

कुंडीतली_बाग
गोळा केल्या त्यांचं काय करायचं? कचरापेटीत टाकल्या तर चालत बाहेर येतात.

मांजराकाठ
बादलीत साबणाचं घट्ट पाणी किंवा १० लिटरला २ किलो मीठ, त्यात बुडवून वरून जाळी किंवा फळी आणि दगड. साध्या पाण्यात बराच वेळ तग धरतात, वर चढतात. रात्रभर राहू द्या. मग दोन-अडीच फुटांचा खड्डा, तळाला चुना, वरून चुना, त्यावर किमान एक फूट माती दाबून. बादलीतलं मिठाचं पाणी पिकात किंवा विहिरीत नको. खड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर. चिरडून जागेवर टाकायच्या भरात पडू नका, पोटातली अंडी पक्की झालेली असतात आणि कवचामुळे काही वाचतात. शिवाय वास आणि माश्या.

नर्सरीतून रोप आणताना कुंडीच्या तळाच्या भोकांत बोट घालून बघा. तिथेच दडतात. माती संशयास्पद असेल तर मुळं धुऊन नवीन मातीत लावा.

काळवट
एप्रिल-मेमध्ये कुठं शोधायच्या? पाऊस यायच्या आत काम उरकलं असतं.

शंखशिंपले
दगडांच्या ढिगाखाली, बांधाच्या भेगांत, झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली वीतभर. हातात घेऊन तोंड बघा. तोंडावर पांढरट, कागदासारखा पडदा असेल तर आत ती जिवंत आहे. चिकट द्रव आणि चुना यांचा तो पडदा, ओलावा आत ठेवायला. पाण्याचे चार थेंब पडले की फाडून बाहेर येते. पडदा नसेल तर तळहातावर तोला. आकाराच्या मानाने जड लागली तर बादलीत, हलकी लागली तर रिकामी.